पगारी ‘सोबत’: टाटांच्या तरुण मित्राचा धंदा नेमका काय आहे, आणि तो गावात चालेल का?

गावाकडं ‘सोबत’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरात म्हातारी एकटी असली की शेजारचं एखादं पोरगं रात्री जेवण उरकून, वाकळ काखेत मारून तिच्याकडं झोपायला जायचं. आजीच्या सोबतीला चाललोय, एवढं सांगितलं की झालं. त्याचे पैसे कुणी मागत नव्हतं, कुणी देत नव्हतं. सकाळचा चहा, दिवाळीला एखादा सदरा आणि झोप लागेपर्यंत बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी, एवढाच मोबदला.

हेच काम मुंबईत २०२२ पासून एका कंपनीने महिन्याच्या पैशांवर सुरू केलं. कंपनीचं नाव गुडफेलोज. ती काढणारे शंतनू नायडू तेव्हा तिशीच्या आतले होते आणि त्यात पैसे घालणारे होते रतन टाटा. ‘टाटांचा तरुण मित्र’ म्हणून नायडू यांचे व्हिडिओ बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेले असतील. त्यांचा धंदा काय, तो कसा चालतो, हे मात्र त्या व्हिडिओत क्वचितच असतं. म्हाताऱ्या माणसांची पोरं पुण्या-मुंबईला आणि म्हातारी गावात, अशी घरं आपल्या तालुक्यांत गल्लोगल्ली आहेत. म्हणून हा धंदा समजून घ्यायला हवा.

कुत्र्याच्या पट्ट्यापासून सुरुवात

नायडू शिकले इंजिनिअरिंग आणि पुण्यात टाटांच्याच एका कंपनीत नोकरीला लागले. रात्री रस्त्यावर गाडीखाली सापडणारी भटकी कुत्री ते पाहत होते. अंधारात कुत्रं दिसत नाही, ही खरी अडचण. त्यांनी मित्रांना गोळा करून गाडीच्या उजेडात चमकणारे पट्टे बनवले आणि कुत्र्यांच्या गळ्यात बांधले. कापडाला पैसे नव्हते, म्हणून लोकांकडून जुन्या जीन्स मागून आणल्या. या कामाला मोटोपॉज असं नाव दिलं. वडिलांच्या सांगण्यावरून त्यांनी रतन टाटांना पत्र लिहिलं. काही महिन्यांनी त्यांना भेटीचं बोलावणं आलं आणि टाटांनी त्या कामाला मदत केली. पुढे नायडू अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एमबीए करून आले आणि २०१८ पासून टाटांच्या कार्यालयात काम करू लागले.

दोघांच्या वयात पन्नासहून जास्त वर्षांचं अंतर. टाटा अविवाहित होते. एवढा मोठा माणूस, हाताखाली हजारो लोक, तरी संध्याकाळी गप्पा मारायला, बरोबर सिनेमा बघायला कुणीतरी लागतंच. नायडू यांनी ही गोष्ट जवळून पाहिली आणि गुडफेलोजची कल्पना त्यातूनच निघाली. म्हाताऱ्या माणसाला औषध, जेवण आणि दवाखाना एवढंच लागतं हा आपला समज किती अपुरा आहे, ते या एका उदाहरणात दिसतं.

धंदा चालतो कसा

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनी जाहीर झाली. त्याआधी सहा महिने मुंबईत चाचणी चालली होती. नोकरीसाठी ८०० हून जास्त तरुणांचे अर्ज आले होते आणि त्यांतून जेमतेम २० जण निवडून कामाला लावले होते. इतक्या अर्जांतून इतके कमी का घेतले, यातच या धंद्याचं मर्म आहे. अनोळखी तरुण माणूस एकट्या म्हाताऱ्याच्या घरात शिरणार. तो कोण, कुठला, त्याच्या मागे काही भानगड आहे का, हे तर तपासायलाच हवं. पण त्याशिवाय त्याच्यात समजूत आणि सहनशक्ती किती आहे, हेही पाहावं लागतं. तीच गोष्ट दहाव्यांदा ऐकताना ज्याच्या कपाळाला आठी पडते, तो कितीही हुशार असला तरी इथं कामाचा नाही.

कंपनी घेते ती बहुतेक ताजी पदवीधर पोरं, तिशीच्या आतली. सोबती साधारण आठवड्यातून तीन वेळा येतो आणि एका वेळी चार तासांपर्यंत थांबतो. आल्यावर काय करायचं ते म्हातारं माणूस ठरवणार. कुणाला कॅरम खेळायचा असतो, कुणाला पेपर वाचून हवा असतो, कुणाला बागेत चक्कर मारायची असते, तर कुणाला मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकायचं असतं. नुसतं शेजारी बसून राहायचं असेल तरी चालतं. पहिला महिना फुकट. त्यानंतर महिन्याला पाच हजार रुपयांच्या आसपास आकार, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. मुंबईनंतर पुणे, चेन्नई आणि बंगळुरूला जाण्याचा बेत कंपनीने सुरुवातीलाच सांगितला होता.

‘पैसे देऊन नातू आणायचा का?’ असं ऐकणाऱ्याच्या तोंडी पटकन येतं. प्रश्न खोटा नाही. पण पगाराची दुसरी बाजूही पाहावी. फुकट येणारा माणूस मनात येईल तेव्हा येतो, कंटाळा आला की बंद होतो, आणि त्याला बोल लावता येत नाही. पगारी माणूस ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी येतो. मंगळवारी चारला पोरगा येणार म्हणून सकाळपासून स्वच्छ धोतर नेसून बसलेल्या म्हाताऱ्याला त्या ‘ठरलेल्या’ची किंमत कळते. शिवाय पैसे दिलेले असल्यामुळे त्याला मिंधेपण वाटत नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं शेजाऱ्याचा उपकार नको म्हणून दोन-दोन दिवस ताप अंगावर काढतात, हे कुणाला माहीत नाही?

रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले. गुडफेलोजमधला आपला हिस्सा त्यांनी मृत्युपत्रात सोडून दिल्याच्या बातम्या नंतर आल्या. २०२५ च्या सुरुवातीला नायडू टाटा मोटर्समध्ये मोठ्या पदावर गेले.

तीन वेगळ्या गोष्टी, एकाच पोत्यात

गावात या विषयावर बोलणं निघालं की सगळं एकत्र कालवलं जातं. सोबत, शुश्रूषा आणि सांभाळ या तीन गोष्टी वेगळ्या आहेत.

सोबत म्हणजे हातपाय चालतात, डोकं ठिकाणावर आहे, पण दिवस जात नाही अशा माणसासाठी कुणीतरी येणं. गुडफेलोज एवढंच करते. शुश्रूषा म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, अंघोळ, लघवीची पिशवी, जखमेची पट्टी. त्याला शिकलेला हात लागतो, आणि ते काम सोबत्याच्या गळ्यात मारलं तर दोघांचंही वाटोळं. सांभाळ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी. ती मुलांची जबाबदारी आहे, आणि ती नुसती रीतभात नाही, कायदा आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा. मुलं बघत नसतील तर प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो, तिथेच त्याचं न्यायाधिकरण असतं. वकील लावावा लागत नाही. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च द्यायचा हुकूम होऊ शकतो. गावाकडं त्याहून महत्त्वाचं कलम २३ वं आहे. ‘मला सांभाळशील’ या अटीवर जमीन किंवा घर बक्षीसपत्राने नावावर करून दिलं आणि नंतर पोराने पाठ फिरवली, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. पण ती अट कागदात लिहिलेली असलेली बरी. तोंडी शब्दावर सातबारा फिरवून बसलेल्या म्हाताऱ्यांना पुढे कसे हेलपाटे पडतात, ते प्रांत कार्यालयाच्या व्हरांड्यात कुठल्याही सुनावणीच्या दिवशी दिसतं.

थोडक्यात, सोबती ठेवला म्हणून पोरगा सांभाळातून सुटत नाही.

गावातला हिशेब

२०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं सुमारे १०.४ कोटी होती. त्यांतली ७.३ कोटींच्या आसपास खेड्यात. म्हणजे दहात सात म्हातारी खेड्यात आणि त्यांच्यासाठी निघणाऱ्या कंपन्या शहरात. त्यात आपल्याकडचा ऊसतोडीचा भाग वेगळाच. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला निघतात, त्या थेट पाडव्याच्या आसपास माघारी येतात. तोवर वस्त्यांवर उरतात म्हातारी माणसं, आणि बऱ्याचदा त्यांच्या गळ्यात शाळेत जाणारी नातवंडं. एकटेपणा तर आहेच, वर राबणंही आहे.

शहरातले पाच हजार गावात कुणाला झेपणार नाहीत. पण ते पाच हजार कशाचे, याची फोड करून बघू. आठवड्याला तीन वेळा, चार-चार तास, म्हणजे महिन्याला पन्नासेक तास. तासाला शंभर रुपये पडले. त्यात शहरातला प्रवास आला, कंपनीचं ऑफिस आलं, तपासणीचा खर्च आला.

गावात सोबती गल्लीतलाच, त्यामुळे प्रवास नाही. बाईमाणसाची खुरपणीची हजेरी तीनशे-साडेतीनशे धरली तर तासाला पन्नास रुपये होतात. एक दिवसाआड दोन तास, महिन्याला तीस तास, म्हणजे दीड हजार रुपये. योगायोग असा की श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसेही दीड हजारच आहेत. पण त्यांना हात लावायचा विचार कुणी करू नये, ते म्हातारीच्या मीठ-मिरचीचे आणि गोळ्यांचे पैसे. हे दीड हजार द्यायला हवेत ते कंपनीत पंचवीस-तीस हजारांवर असलेल्या मुलाने. दोघं भाऊ असतील तर साडेसातशे-साडेसातशे. महिन्यातून एकदा गावाकडं धावत यायचं, रविवारी दुपारी पोचून सोमवारी पहाटे परत, यात गाडीला डिझेल किती जातं, हा हिशेब त्यांनी स्वतःच करावा.

आणि बारावी होऊन घरी बसलेली पोरगी असे तीन उंबरे सांभाळू लागली, तर तिला घर न सोडता महिन्याला साडेचार हजार मिळतात. त्यावर कुणी श्रीमंत होणार नाही. पण रोज तासाभराच्या तीन फेऱ्या सकाळ-संध्याकाळी उरकून मधल्या वेळात तिला अभ्यास किंवा शिलाई करता येते.

हे काम कुणी उभं करायचं, हा पुढचा प्रश्न. एकट्या-दुकट्याने केलं तर ते मोलकरणीच्या कामासारखं होईल. आज सोबत, उद्या भांडी, परवा गोठा. त्यासाठी मध्ये कुणीतरी संस्था लागते, जी माणूस निवडेल, दर ठरवेल आणि कटकट झाली तर ऐकून घेईल. केरळात ही वाट धरलेली आहे. तिथल्या कुडुंबश्री या बचत गटांच्या चळवळीने ‘हर्षम’ नावाने बायकांना वृद्धसेवेचं प्रशिक्षण दिलं आणि त्या पगारी कामाला जातात. मलप्पुरम आणि आसपासच्या भागात तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडं गावातलेच स्वयंसेवक नर्सबरोबर घरी जातात, आणि हे काम नव्वदच्या दशकापासून वाढत आलंय. आपल्याकडं उमेदचे बचत गट गावोगाव आहेत. पापड-लोणच्यांची स्पर्धा इतकी झाली की आपण केलेलं आपल्यालाच खावं लागतं. सोबतीचं काम मात्र गुजरातहून कुणी पिशवीत भरून आणून विकू शकत नाही.

दार उघडण्याआधी

कुणाला घरात घ्यायचं, यात भिडस्तपणा उपयोगाचा नाही. गावातलाच आहे, ओळखीचा आहे, म्हणून चालून जाईल असं नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मिळतो, तो मागावा. पहिले दोन-तीन आठवडे घरातलं किंवा भावकीतलं कुणीतरी अधूनमधून चक्कर मारून जावं. म्हातारी बाई असेल तर सोबतीला मुलगी किंवा बाईच पाहावी, हे सांगायला नको.

सगळ्यात मोठा धोका पैशाचा. सोबत्याने एटीएम कार्ड, पासबुक आणि मोबाइलचा पिन यांना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी दोघांसमोर बोलून टाकावं. अंगठा लावून पैसे काढायची सोय झाल्यापासून तर जास्तच जपायला हवं. ‘आजी, मशीनवर नेट गेलं, परत अंगठा लावा,’ असं म्हणत दोनदा पैसे काढून एकदाच हातात ठेवण्याचे प्रकार घडतात. अंगठा लावला की छापील पावती घ्यावी, खात्याचा मेसेज मुलाच्या फोनवर जाईल असं बघावं. आधारचे बोटांचे ठसे एमआधार अॅपवरून लॉक करून ठेवता येतात आणि पैसे काढायच्या वेळी तेवढ्यापुरते उघडता येतात. मुलगा सुट्टीला आला की पाच मिनिटांत होणारं काम आहे.

आणखी एक काळजी, जिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. सोबती जेव्हा सोडून जातो तेव्हा काय? पोरीचं लग्न ठरतं, पोराला भरतीचा कॉल येतो, आणि एका मंगळवारी चार वाजता कुणीच येत नाही. म्हाताऱ्या माणसाने आधीच बरीच माणसं गमावलेली असतात, त्यात ही एक भर. शहरातल्या कंपन्यांनाही ही अडचण आहेच, कारण ताजा पदवीधर एका नोकरीत कितीसा टिकणार? यावर उपाय एवढाच की एका घराला दोन सोबती ओळखीचे ठेवायचे. एक मुख्य आणि एक आठवड्यातून एकदा येणारा. पहिला गेला तर दुसरा अनोळखी राहत नाही. निरोप मात्र सांगून घ्यायचा, न सांगता गायब व्हायचं नाही.

कशाला पैसे पडत नाहीत

सोबत विकत घ्यावी लागेल, पण बाकीचं बरंच काही सरकारी आहे आणि तरी अनेक घरांत पोचलेलं नाही. सोबती पोरगा थोडा चुणचुणीत असेल तर पहिल्या महिन्यात हीच कामं मार्गी लावू शकतो.

सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ही योजना आहे आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यांत होतात. आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल एवढं पुरतं. ६५ वर्षांच्या पुढे, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला करायचा. चष्मा, कानाचं मशीन, काठी, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना एकदाच तीन हजार रुपये खात्यावर मिळतात, तिथं उत्पन्नाची मर्यादा दोन लाख आहे. एसटीत ६५ च्या पुढे अर्धं तिकीट आणि ७५ नंतर पूर्ण माफी, हे बहुतेकांना माहीत आहे. पण कानाला ऐकू येत नाही म्हणून बाहेर जायचं बंद केलेल्या माणसाला तिकीट माफ असून काय उपयोग? कानाचं मशीन ही सोबतीची पहिली पायरी आहे. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी कोण किती बोलणार?

ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा फोन नंबर देशभर चालतो, सकाळी ८ ते रात्री ८, पैसे पडत नाहीत. पेन्शन अडली, मुलगा घराबाहेर काढतोय, कायद्याची माहिती हवी, किंवा रस्त्यावर सोडून दिलेलं म्हातारं माणूस दिसलं तरी इथं कळवता येतं. नुसतं मन मोकळं करायलाही फोन केलेला चालतो. बोलताना जिल्हा, तालुका आणि गावाचं नाव आधी सांगायचं, कारण एकाच नावाची दोन-तीन गावं एकेका जिल्ह्यात निघतात.